एकाच निळीत खादी, लिनन, रेशीम आणि लोकर वेगवेगळी का रंगतात?

गोव्यातल्या फोंड्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: दहा लिटरच्या पिंपात निळीचा रंग तयार केला, त्यात खादी, लिनन, मलबेरी रेशीम आणि मेंढीची लोकर यांचे तुकडे एकदमच सोडले आणि पंधरा मिनिटांनी काढले. खादी गडद निघाली, पण वाळल्यावर हाताला निळं लागतं. लिननवर पांढुरके डाग राहिले, रेशमाची चमक गेली आणि लोकर आटून जाड झाली. हे पावसाळी हवेमुळे झालं का, आणि प्रत्येक कापडाची कृती वेगळी असते का?

हवेला यात फार दोष देता येणार नाही. तक्रारी चार असल्या तरी मुळं दोनच आहेत. खादी आणि लिननचं गणित आधीच्या धुलाईत आणि बुडीच्या पद्धतीत चुकलं. रेशीम आणि लोकर यांना पिंपातली अल्कली (चुना, सोडा यांसारखा आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) सोसली नाही, आणि लोकरीची धुलाईही चुकली. रंग चौघांना एकच चालतो. बदलायचा असतो तो अल्कलीचा जोर, पाण्याची ऊब आणि बुडीचा वेळ. तुम्ही रंग साखरेनं तयार केला, हायड्रोनं (सोडियम हायड्रोसल्फाइटच्या पुडीनं) की आंबवून, ते लिहिलेलं नाही आणि नीळ कुठली तेही नाही. त्यामुळे काही ठिकाणी मला 'असं असेल तर' म्हणावं लागेल.

नीळ पाण्यात विरघळत नाही. अल्कली असलेल्या पाण्यात तिचं क्षपण (ऑक्सिजन घेण्याच्या उलटी क्रिया) केलं की ती पिवळसर होते, विरघळते आणि धाग्यात शिरते. कापड बाहेर आलं की हवेतला ऑक्सिजन घेऊन ती पुन्हा निळी होते आणि धाग्यात अडकून बसते. म्हणून रंग पक्का करायला तिला तुरटी लागत नाही, हिरडाही लागत नाही. जी आत शिरून अडकली ती टिकते. जी वरवर चिकटली ती तुमच्या हाताला लागते.

किराणा दुकानातली, पांढऱ्या कपड्यांना द्यायची नीळ ही नव्हे. तिनं यातलं काहीच होणार नाही. झाडाच्या निळीची पूड मुख्यतः तमिळनाडू आणि आंध्रातून येते आणि तिच्यात खरा रंग वीस टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत कितीही असू शकतो. १८९७ पासून कारखान्यात बनत आलेल्या कृत्रिम निळीत तो नव्वद टक्क्यांच्या वर असतो. रेणू दोन्हींत तोच. पण कुणी '३० ग्रॅम नीळ' असं लिहिलं असेल तर ती कुठली, हे आधी विचारा. खालची मापं मी झाडाच्या मध्यम प्रतीच्या पुडीसाठी देते आहे. कृत्रिम असेल तर पूड निम्मी किंवा तिसरा हिस्सा घ्या आणि बाकीचं त्या प्रमाणात.

आता धुलाई. निळीचं निम्मं काम इथंच होतं आणि सगळ्यात जास्त कंटाळाही इथंच केला जातो. कोऱ्या मांजरपाटावर खळ असते, शिवाय सुती धाग्यात मेण आणि पेक्टिन (वनस्पतीतला चिकट पदार्थ) असतं. नुसत्या साबणाच्या पाण्यात भिजवून ते जात नाही. कापड कोरडं असताना वजन करा. शंभर ग्रॅमला तीन ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा सौम्य साबण घालून, कापड मोकळं हलेल एवढ्या पाण्यात दीड-दोन तास उकळा. पाणी तपकिरी होईल. ते फेकून कापड खळबळून घ्या आणि वाळल्यावर वरून एक थेंब पाणी सोडा. थेंब टेकताक्षणी शोषला गेला तर धुलाई झाली. मण्यासारखा वर थांबला तर परत उकळा. तुमच्या लिननचे डाग म्हणजे हाच थांबलेला थेंब. लिननचा धागा गुळगुळीत आणि घट्ट, त्यात पेक्टिन सुतापेक्षा जास्त. त्याला हीच उकळ दोनदा द्यावी लागते आणि रंगात घालण्याआधी साध्या पाण्यात रात्रभर भिजवावं लागतं. मग ते सुताइतकंच छान रंगतं.

रेशमाला सोडा दाखवू नका. सौम्य साबणाच्या, साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात अर्धा तास पुरे. लोकरीला रिठ्याचं किंवा सौम्य साबणाचं चाळीस अंशांचं पाणी, आणि त्यात हात न चालवता नुसतं दाबत राहायचं. लोकर आटते ती उष्णतेपेक्षा चोळण्यानं आणि गरमातून एकदम गारात टाकल्यानं. तुमची लोकर बहुधा कोमट पिंपातून थेट नळाखाली गेली असावी.

गोव्यात एक गोष्ट जास्तीची पाहावी लागते. जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्यात अनेक ठिकाणी लोह असतं. बादलीत रात्रभर ठेवलं की तळाशी तांबूस गाळ दिसतो. निळीच्या पिंपाला त्यानं बिघडत नाही, पण हिरडा किंवा डाळिंबाची साल यांचा हात लागलेलं कापड त्यात करडं पडतं आणि पांढऱ्या रेशमावर पिवळट झाक येते. रेशमाच्या धुलाईला साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम.

सुती आणि लिननसाठी मी साखर-चुन्याचं पिंप सुचवीन. प्रमाण वजनानं एक भाग नीळ, दोन भाग विरलेला चुना, तीन भाग फ्रुक्टोज (फळांतली साखर). दहा लिटरला ३० ग्रॅम नीळ, ६० ग्रॅम चुना, ९० ग्रॅम फ्रुक्टोज. यात तीनेकशे ग्रॅम सुती कापड मध्यम निळ्यापर्यंत जातं. भांडं स्टीलचं, उभट. ॲल्युमिनियमचं मुळीच नको, चुना ते खातो. निळीची पूड पाण्यावर तरंगते, म्हणून ती आधी झाकणाच्या बरणीत थोडं गरम पाणी आणि सात-आठ काचेच्या गोट्या घालून पाच-दहा मिनिटं जोरात हलवा. (काहीजण ती दारूत कालवतात. कालवली जाते खरी, पण त्यासाठी काजूची फेणी वापरणं मला पटत नाही.) आठ लिटर पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापवा, आच बंद करून फ्रुक्टोज विरघळवा, मग नीळ, आणि शेवटी चुना थोडा थोडा भुरभुरवत घाला. उरलेलं गरम पाणी वरून घाला. कडेनं गोल ढवळा. हवा मिसळेल असं घुसळू नका. झाकण ठेवा, पहिल्या तासात दोन-तीनदा ढवळा आणि मग स्वस्थ बसू द्या.

चुना कुठला? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा पानाच्या गादीवर मिळणारा खायचा चुना चालतो, फक्त साधा, सुगंध न घातलेला घ्या. तो ओला असल्यानं वजनात निम्म्याहून जास्त पाणी असतं. ६० ग्रॅम कोरड्या चुन्याच्या जागी १२० ते १५० ग्रॅम धरा. कोरडा चुना असेल तर पावसाळ्यात तो उघडा राहिलेला नाही ना ते बघा. हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन त्याची खडू होते आणि पिंप काही केल्या चढत नाही. चिमूटभर चुन्यावर व्हिनेगर टाका. फसफसून फेस आला तर तो चुना भिंतीला लावा.

फ्रुक्टोज न मिळाल्यास गूळ घालतात. गुळात मुख्यतः सुक्रोज असतं आणि सुक्रोज क्षपण करत नाही, म्हणून नुसता गूळ घातलेलं पिंप रेंगाळतं. गुळाच्या पाण्यात दोन-तीन लिंबं पिळून अर्धा तास मंद उकळलं तर त्यातलं काही सुक्रोज फुटून कामाच्या साखरा तयार होतात; मग लिंबाचं आम्ल मारायला चुना थोडा जास्त घाला. माडाच्या गुळालाही हेच. याहून सोपं म्हणजे काळी पडलेली पिकली केळी: किलोभर सालीसकट चिरून उकळा, गाळा आणि ते पाणी वापरा. काजूच्या मोसमात बोंडांचा रसही चालावा, त्यात ग्लुकोज-फ्रुक्टोज भरपूर असतं. पण तो आंबट आणि तुरट, तेव्हा आधी लिटरभराच्या बरणीत करून बघा.

पिंप तयार झालं की नाही हे घड्याळावरून ठरवू नका. कधी तासाभरात होतं, कधी रात्र जाते. झाकण काढल्यावर वर तांब्याची चकाकी असलेली निळी साय दिसली पाहिजे आणि मधोमध जांभळट निळा फेस. चमच्यानं साय बाजूला सारा आणि काचेच्या पेल्यात खालची निवळी घ्या: ती कोऱ्या चहासारखी पिवळसर तपकिरी आणि आरपार दिसणारी हवी. पेल्यात तिचा वरचा थर डोळ्यांदेखत हिरवा, मग निळा होत जातो. निवळी हिरवी आणि गढूळ असेल तर काम अर्धवट आहे; पिंप पन्नास अंशांपर्यंत उबवा आणि तास-दोन तास थांबा. निवळी निळीच असेल तर साखर कमी पडली, २०-३० ग्रॅम वाढवा. रंग फिका, राखाडी आणि पीएच पट्टी (अल्कलीचा जोर दाखवणारी कागदी पट्टी) दहाच्या खाली असेल तर चुना संपला, १०-१५ ग्रॅम घाला. दोन्ही एकदम घालायचा मोह होतो, पण मग दोष कशाचा होता ते कधीच कळत नाही.

तुमच्या खादीचा रंग हाताला का लागतो ते आता सांगता येईल. एक तर निवळी पुरती पिवळी झाली नव्हती आणि न विरघळलेले निळे कण धाग्यावर बसले, किंवा तळाचा गाळ ढवळला जाऊन कापडाला चिकटला. त्यावर एकच लांब बुडी. निळीत गडदपणा थरांनी चढवायचा असतो. कापड ओलं करून घट्ट पिळा, कडेनं हळूच आत सोडा, तळापासून वर राहील अशी जाळी खाली ठेवा. पहिली बुडी पाच-सात मिनिटांची, पुढच्या तीन-चारच्या. आतल्या आत घड्या उलगडत राहा. बाहेर काढताना पाण्याच्या पृष्ठभागाखालीच पिळा, थेंब उंचावरून पडू देऊ नका. प्रत्येक थेंब हवा आत नेतो. बाहेर आलेलं कापड पिवळट हिरवं दिसायला हवं. थेट निळंच आलं तर थांबा, पिंप तयार नाही. पंधरा-वीस मिनिटं हवेत झटकून पसरवा, हिरवटपणा पूर्ण गेला की पुढची बुडी. मलमल तीन बुड्यांत आकाशी निळी होते, खादीला गडद निळ्यासाठी सहा ते आठ लागतात. जाड, घट्ट विणीच्या कापडात नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत जातच नाही आणि घासल्यावर आतला पांढरा दिसतो. जीन्सचं फिकं होणं तेच. तो दोष समजू नका.

शेवटच्या बुडीनंतर कापड एक दिवस तसंच राहू द्या. मग लिटरला दोन मोठे चमचे व्हिनेगर घातलेल्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा. धाग्यातला चुना सुटतो आणि कडकपणा जातो. घरातलं माडाच्या सुरेचं व्हिनेगर इथं चालतं. नंतर सुती आणि लिनन सौम्य साबणाच्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं टाका. जो सुटायचा तो रंग तिथंच सुटेल, पुढे उशीच्या अभ्र्यावर येणार नाही. तुमच्या खादीलाही आता हेच करा. ती थोडी फिकी होईल, पण वाचेल.

रेशीम आणि लोकर हे प्राणिज धागे, आणि तीव्र अल्कली त्यांना खाते. ताज्या साखर-चुन्याच्या पिंपाचा पीएच अकरा-बारा असतो; त्यात पंधरा मिनिटं म्हणजे रेशमावर जुलूमच. शिवाय चुन्याचे कण चमक मारतात. रेशमासाठी वेगळं पिंप लावायची गरज नसते. सुतावर चार-पाच दिवस वापरलेलं पिंप आपोआप मवाळ होतं. पीएच दहाच्या आसपास आला आणि निवळी अजून पिवळी असली की त्यात रेशीम घाला, एक-दोन मिनिटांच्या, फार तर चार बुड्या. रेशीम नीळ पटकन घेतं. लगेच साधं पाणी, मग व्हिनेगरचं पाणी. उकळायचं नाही. गेलेली चमक थोडीफार व्हिनेगरच्या पाण्यानं परत येते, म्हणून तो तुकडा टाकू नका. चुना बसलेला असेल तर निघेल, धागाच खाल्ला गेला असेल तर नाही.

लोकरीला मात्र मी वेगळं भांडं देते आणि तिथं हायड्रो वापरते. दहा लिटर पाणी पंचेचाळीस अंशांवर, त्यात कृत्रिम नीळ १० ग्रॅम कालवून, हायड्रो २० ग्रॅम, आणि धुण्याचा सोडा छोट्या चमच्यानं, पट्टी साडेनऊ-दहा दाखवेपर्यंतच. तासाभरात पाणी पिवळट हिरवं, स्वच्छ होतं. लोकर कोमट पाण्यात भिजवून घाला, वीस मिनिटं न हलवता ठेवा, काढा, हवा द्या. दोन-तीन बुड्यांत सुतापेक्षा गडद निळा मिळतो. तापमान साठच्या वर नेऊ नका, हायड्रो फुकट जातो. धुताना पाणी त्याच उबेचं. हायड्रोबद्दल दोन गोष्टी गंभीरपणे घ्या: त्यावर आम्ल पडलं तर घसा जाळणारा सल्फर डायऑक्साइड सुटतो, आणि पावसाळ्यात डबा दमट झाला तर तो स्वतःहून तापून पेटूही शकतो. हवाबंद डबा, कोरडा चमचा, उघडी खिडकी.

चुना-साखर नको, हायड्रोही नको असं असेल तर टाकळा आहेच, आपला तायकिळो. त्याच्या बिया शिजवून चुन्याबरोबर निळीचं पिंप आंबवण्याची रीत दक्षिणेत जुनी आहे, आणि पावसाळ्यानंतर त्या रस्त्याकडेला फुकट मिळतात. ते पिंप मवाळ असतं, पण चढायला दिवस लागतात, वास येतो आणि रोज लक्ष द्यावं लागतं. पहिल्या प्रयोगाला ते घेऊ नका.

तागाचा रंग मुळात पिवळट, त्यामुळे निळा हिरवटाकडे झुकतो. बाजारात 'कॉटन' म्हणून मिळणाऱ्या कापडाचा एक धागा आधी जाळून बघा: कागदाचा वास आणि मऊ राख म्हणजे सूत, केसांचा वास म्हणजे रेशीम किंवा लोकर, वितळून टणक मणी झाला तर पॉलिएस्टर, त्याला नीळ लागणार नाही. तयार कुर्त्याची शिलाई बहुतेक पॉलिएस्टरच्या दोऱ्याची असते. कुर्ता निळा आणि टाके पांढरे राहतात. कुणबी साडीसारखं लाल चौकडीचं सुती कापड निळीत घातलं तर पांढरं निळं आणि लाल जांभळट काळं होतं, दिसायला झकास. पण ते हायड्रोच्या भांड्यात घालू नका. आजचे बरेचसे लाल रंग हायड्रोनं उडतात.

प्रयोग परत मांडताना दहा-दहा सेंटीमीटरचे तुकडे घ्या. शाईनं नाव लिहू नका, ती जाते. कडेला कात्रीनं खाचा पाडा, जितक्या बुड्या तितक्या खाचा. प्रत्येक कापडाचे तीन तुकडे: एक, तीन आणि सहा बुड्यांचे. धुऊन वाळल्यावर पांढऱ्या सुती फडक्यानं कोरडं आणि ओलं, दहा-दहा वेळा घासा. एक पट्टी अर्धी पुठ्ठ्यानं झाकून पंधरवडाभर उन्हाच्या खिडकीत ठेवा. वहीत तुकड्याशेजारी तापमान, पीएच आणि निवळीचा रंग लिहा. पुढच्या खेपेला यातली एकच गोष्ट बदला.

पावसाळ्याचं म्हणाल तर ओल्या हवेत नीळ निळी व्हायला काहीच अडचण नसते, ऑक्सिजन तेवढाच आहे. अडचण वाळण्याची. अल्कली न काढता ओलं कापड दोन-तीन दिवस लोंबत राहिलं तर रेशीम कमजोर होतं आणि सुतावर बुरशीचे ठिपके येतात. पावसात कापड दिवसभर तसंच ठेवण्याऐवजी साध्या पाण्याच्या बादलीत हलवून घ्या, त्यातल्या हवेनंही नीळ बसते, आणि त्याच संध्याकाळी व्हिनेगर देऊन पंख्याखाली टाका.

संपलेलं पिंप विहिरीच्या आसपास किंवा व्हाळात ओतू नका. उघडं ठेवून दोन दिवस घुसळत राहा म्हणजे उरलेली नीळ निळी होऊन तळाशी बसेल. वरचं पाणी व्हिनेगरनं मवाळ करून सांडपाण्याच्या खड्ड्यात जाऊ द्या. गाळात बराच चुना आणि थोडी नीळ असते. तो पुढच्या पिंपात थोडा घातला तर चालतो, फार झाला तर मात्र जाळीच्या वर येतो आणि पुन्हा खादी हाताला लागायला लागते.